टेलिफोनचा कळफलक: अंकांची मांडणी आणि दोन स्वरांची जोडी

ध्वनिवेध (धागाकर्ता)

कॅल्क्युलेटरवर ७-८-९ ही ओळ वर असते आणि टेलिफोनवर १-२-३ ही ओळ वर असते. याचे एक स्पष्टीकरण वर्षानुवर्षे फिरत आहे. हिशेबाची यंत्रे चालवणाऱ्यांची बोटे इतकी सरावलेली होती की तीच मांडणी टेलिफोनला दिली असती तर एक्सचेंजच्या यंत्रणेला त्यांचा वेग झेपला नसता, म्हणून लोकांना संथ करण्यासाठी मांडणी मुद्दाम उलटी केली, असे सांगतात. गोष्ट चटकदार आहे, पण एक्सचेंजचे काम कसे चालत असे हे पाहिले की ती टिकत नाही.

तबकडीच्या फोनमध्ये एखादा अंक फिरवणे म्हणजे लाइनमधील विद्युतप्रवाह तितक्या वेळा तोडणे. हा वेग सेकंदाला साधारण १० स्पंदांचा असे. शून्याला १० स्पंद लागत, म्हणजे तबकडी परत येण्यातच एक सेकंद जाई आणि ती ओढण्याचा वेळ वेगळा. क्रॉसबार पद्धतीच्या एक्सचेंजमध्ये ग्राहक अंक फिरवत असताना ते टिपून ठेवणारे रजिस्टर नावाचे उपकरण तेवढा वेळ त्याच्यासाठी अडकून पडे, आणि अशी मोजकी रजिस्टरे सगळ्या ग्राहकांत वाटून वापरली जात. ग्राहक जितका संथ, तितकी जास्त रजिस्टरे बसवावी लागत. म्हणजे कंपनीचा पैसा ग्राहकाच्या वेगात वाचत होता. अशा कंपनीने ग्राहकाला मुद्दाम अडखळायला लावावे हे तर्काला धरून नाही. शिवाय कळ दाबल्यावर वाजणाऱ्या स्वरांवरून अंक ओळखणारी प्रचलित यंत्रणा सुमारे ४० मिलिसेकंदांचा स्वर आणि तेवढीच शांतता असली तरी अंक ओळखते. हा वेग सेकंदाला १२ अंकांच्या घरात जातो, आणि फोनवर नंबर दाबणारा सामान्य माणूस त्याच्या जवळपासही पोहोचत नाही.

मग मांडणी ठरली कशी? १९५५ साली मेरी लुट्झ आणि अल्फोन्स चापानिस यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा कोऱ्या कळांच्या वेगवेगळ्या रचना लोकांसमोर ठेवून, कोणता अंक कुठे असावा असे वाटते, हे त्यांना लिहायला सांगितले. बहुतेकांनी वाचनाचा क्रम पाळला, म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. त्यानंतर अमेरिकेतील बेल सिस्टिम या टेलिफोन कंपन्यांच्या समूहाच्या संशोधनसंस्थेत, बेल लॅब्जमध्ये, जॉन कार्लिन यांच्या विभागात आर. एल. डेनिंगर यांनी अनेक मांडण्या माणसांकडून प्रत्यक्ष वापरून घेतल्या. पाच-पाच कळांच्या दोन आडव्या ओळी, दोन उभे स्तंभ, जुन्या तबकडीसारखे वर्तुळ आणि तीन-तीन-तीन-एक अशी आजची मांडणी त्यांत होती. त्यांचा निबंध जुलै १९६० मध्ये बेल सिस्टिमच्या तांत्रिक नियतकालिकात छापून आला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मांडण्यांमधील वेगाचे अंतर फार मोठे निघाले नाही. एकच मांडणी उत्तम आणि बाकीच्या टाकाऊ, असा निकाल लागलाच नव्हता. त्यामुळे लोकांची पसंती, चुकांचे प्रमाण आणि यंत्र आतून बनवण्याची सोय यांचा एकत्र विचार करून ३×३+१ निवडली गेली.

कॅल्क्युलेटरची मांडणी याहून जुनी आहे. संडस्ट्रँड बंधूंच्या बेरजेच्या यंत्रावर ती १९१४ च्या सुमारास आली, म्हणजे ती वेगळ्या यंत्राची आणि वेगळ्या वापरकर्त्यांची परंपरा आहे.

माझे म्हणणे असे की मांडणीवर जितकी चर्चा होते त्याच्या दशांशही चर्चा स्वरांवर होत नाही, आणि खरी कारागिरी तिथेच आहे. जाणकारांनी भर घालावी.

कळसूत्री

धाग्याबद्दल आभार. रजिस्टरचा मुद्दा पटला. मात्र लुट्झ-चापानिस प्रयोगातून लोकांची अपेक्षा कळते, कामगिरी कळत नाही. माणसाला जे स्वाभाविक वाटते तेच त्याला वेगाने जमते असे नसते. दोन्ही मांडण्यांची थेट तुलना कोणी केली आहे का?

ध्वनिवेध

केली आहे. ब्रिटनमध्ये कॉनरॅड आणि हल यांनी १९६८ मध्ये हीच तुलना प्रसिद्ध केली, आणि सराव नसलेल्या लोकांच्या बाबतीत टेलिफोनची मांडणी अधिक जलद आणि कमी चुकांची ठरली. ‘सराव नसलेल्या’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण दिवसभर आकडे भरणाऱ्या माणसाची बोटे ज्या मांडणीवर तयार झाली तीच त्याला उत्तम. टेलिफोन मात्र अशा माणसाने वापरायचा होता जो दिवसातून चार नंबर लावतो आणि प्रत्येक वेळी कळांकडे पाहतो.

अंकमोजणी

स्वरांबद्दल लिहितो, कारण आकडेमोड केल्याशिवाय त्यातील सौंदर्य दिसत नाही.

प्रत्येक कळ दोन स्वर एकदम वाजवते. चार आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ, तर उभ्या स्तंभांना १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ दिलेले आहेत. चौथ्या स्तंभासाठी १६३३ आहे, पण तो घरगुती फोनवर नसतो. ५ दाबला की ७७० आणि १३३६ एकत्र वाजतात.

आता प्रश्न असा की हे वेडेवाकडे आकडे का? ७००, ८००, ९०० असे सरळ का नाहीत? कारण ज्या तारेवरून हे स्वर जातात त्याच तारेवरून माणसाचा आवाज, मागची गाणी आणि रस्त्यावरचे हॉर्न हेही जातात. यंत्राने अंक ओळखणे ही निम्मी अडचण झाली. जे अंक नाही त्याला अंक न समजणे ही उरलेली निम्मी, आणि तीच अधिक अवघड आहे. आवाजाचे वैशिष्ट्य असे की त्यातील घटक एका मूळ वारंवारतेच्या पूर्णांक पटीत असतात. म्हणून आवाजातील कोणतेही दोन ठळक घटक घेतले तर त्यांचे प्रमाण बहुधा दुप्पट, दीडपट, सव्वापट अशा सोप्या अपूर्णांकात येते.

या सारणीत शेजारच्या दोन वारंवारतांचे प्रमाण जवळजवळ २१/१९ ठेवलेले आहे, म्हणजे सुमारे १.१०५. षड्जापासून शुद्ध ऋषभ जितका वर असतो त्याहून हे किंचित कमी आहे. आणि दोन गटांमधली फट, म्हणजे ९४१ पासून १२०९ पर्यंतचे अंतर, अशा अडीच पायऱ्यांचे आहे. हा अर्धा महत्त्वाचा आहे. सगळ्या १६ जोड्यांची प्रमाणे काढून पाहिली तर फक्त सात वेगळी प्रमाणे मिळतात: सुमारे १.२८, १.४२, १.५७, १.७३, १.९२, २.१२ आणि २.३४. आता सोपी प्रमाणे यात शोधा. सव्वापट या यादीच्या खाली राहते. एक आणि एक तृतीयांश पट १.२८ आणि १.४२ यांच्या मध्ये पडते; दीडपट १.४२ आणि १.५७ यांच्या मध्ये, दुप्पट १.९२ आणि २.१२ यांच्या मध्ये. जिथे आवाज किंवा संगीत सापडण्याची शक्यता अधिक, नेमक्या त्या जागा मोकळ्या सोडलेल्या आहेत.

जाता जाता एक गंमत: १, ५ आणि ९ या तिरप्या रेषेतील कळांचे प्रमाण एकच, सुमारे १.७३ आहे. त्या लागोपाठ दाबल्या तर तीच स्वरजोडी एकेक पायरी वर चढत गेल्यासारखी ऐकू येते.

निवांत

उत्तम माहिती. अनेक ठिकाणी असेही वाचले आहे की या आठ वारंवारतांपैकी कोणत्याही दोहोंची बेरीज किंवा वजाबाकी तिसरीइतकी होत नाही, म्हणून तारेतील विकृतीमुळे, म्हणजे संकेत वाटेत बिघडल्यामुळे, खोटा अंक तयार होऊ शकत नाही. हे खरे आहे का?

अंकमोजणी

अक्षरशः खरे आहे, व्यवहारात मात्र ते विधान सांगतात तितके भक्कम नाही. १६३३ मधून ९४१ वजा केले की ६९२ उरतात, आणि १४७७ मधून ७७० वजा केले की ७०७. प्रचलित रिसीव्हर (कानाला लावायचा नव्हे, तर पलीकडे स्वर ओळखणारे उपकरण) साधारण दीड टक्का इकडेतिकडे झालेला स्वर स्वीकारतात आणि साडेतीन टक्क्यांपलीकडचा नाकारतात. ६९७ च्या दीड टक्क्याच्या कक्षेत ६९२ आरामात बसतो आणि ७०७ काठावर का होईना बसतो. वजाबाकीचे स्वर टाळलेले आहेत असे म्हणणे त्यामुळे जपूनच करावे.

मूळ वारंवारतेच्या दुपटी मात्र काटेकोरपणे टाळलेल्या आहेत. ६९७ ची दुप्पट १३९४, जी १३३६ आणि १४७७ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. ७७० ची दुप्पट १५४०, तीही १४७७ आणि १६३३ यांच्या मध्ये. पुढच्या दोन दुपटी वरच्या गटाच्या बाहेर जातात.

वजाबाकीचा स्वर जवळ येऊनही गोंधळ होत नाही याचे कारण रिसीव्हरच्या रचनेत आहे. विकृतीतून उपजलेला स्वर मूळ स्वरांपेक्षा पुष्कळ क्षीण असतो. रिसीव्हर प्रथम फिल्टर लावून खालचा आणि वरचा गट वेगळे करतो, आणि मग प्रत्येक गटात एकच स्वर स्पष्टपणे वरचढ आहे की नाही हे पाहतो. लिओ शेंकर यांच्या १९६० च्या मूळ रचनेत हे काम लिमिटर, म्हणजे संकेताची पातळी ठरावीक मर्यादेत ठेवणारा भाग, करत असे. लिमिटरमध्ये दोन संकेत शिरले की बलवान संकेत दुर्बलाला आणखी दाबतो. त्यामुळे शुद्ध स्वर आला तर तो ठसठशीत बाहेर पडतो, क्षीण उपस्वर दबून जातो, आणि माणसाचा आवाज आला तर त्यातील अनेक घटक एकमेकांना दाबून कोणीच उंबरठा ओलांडत नाही. एकाच मांडणीने तीन कामे साधली आहेत. मला संपूर्ण पद्धतीतील सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते.

कळसूत्री

याला जोडून फोनच्या आतील बाजूबद्दल सांगतो, कारण जुन्या यंत्रांचे उघडलेले सांगाडे पाहण्याचा मला नाद आहे.

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातील कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग येथे बेल सिस्टिमने ही सेवा व्यावसायिक स्वरूपात सुरू केली, तेव्हा फोनवर १० कळा होत्या. तारा (*) आणि हॅश (#) या कळा १९६८ मध्ये आल्या आणि चौथी ओळ भरली. त्या पहिल्या फोनमध्ये दोन्ही स्वर एकाच ट्रान्झिस्टरने तयार होत, ही गोष्ट आजही आश्चर्याची वाटते. तारेच्या दोन गुंडाळ्या असत, प्रत्येकीला ठिकठिकाणी जोड काढलेले असत, आणि कळ दाबल्यावर खालच्या दोन दांड्या हलून एक दांडी ओळीचा आणि दुसरी स्तंभाचा जोड निवडत असे. कळ पूर्ण खाली गेली की सर्व कळांना समाईक असलेला एक स्विच फिरे. त्याने बोलण्याचा मायक्रोफोन बाजूला होई, कानातील आवाज क्षीण होई, आणि दोन्ही स्वर क्षणात सुरू होत. मायक्रोफोन बाजूला होणे हेही आवाजापासूनच्या बचावाचाच भाग आहे. अंक दाबताना तुम्ही बोलत असलात तरी तुमचे बोलणे त्या स्वरांत मिसळत नाही.

या रचनेमुळे दोन गमती होत. एकाच ओळीतील दोन कळा एकदम दाबल्या तर त्या ओळीचा एकटाच स्वर ऐकू येई. आणि घरातील जोडणी करताना लाइनच्या दोन तारा उलट लागल्या तर फोन वाजे, बोलणे होई, पण कळा मुक्या राहत, कारण ट्रान्झिस्टरला प्रवाह उलट दिशेने चालत नाही. पुढे प्रवाह नेहमी योग्य दिशेने वळवणारा डायोडचा ब्रिज बसवल्यावर ही अडचण गेली.

नंतर आयसी, म्हणजे चिप, आल्या आणि गुंडाळ्यांची जागा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलने घेतली. हा आकडा टेलिफोनचा नाहीच. तो अमेरिकी रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताचा आहे, आणि टीव्हीमुळे ती क्रिस्टल इतकी स्वस्त झाली होती की टेलिफोनवाल्यांनी तीच उचलली. तिला भागून मिळणाऱ्या वारंवारता मूळ आकड्यांशी तंतोतंत जुळत नाहीत, पण फरक एका टक्क्याच्या आत राहतो आणि रिसीव्हर तो चालवून घेतो.

निवांत

चौथ्या स्तंभाचे काय झाले?

ध्वनिवेध

त्या चार कळांना ए, बी, सी, डी म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या ऑटोव्हॉन जाळ्यात त्यांचा उपयोग कॉलला अग्रक्रम देण्यासाठी होई. ए म्हणजे सर्वोच्च, ‘फ्लॅश ओव्हरराइड’. मग फ्लॅश, इमिजिएट आणि प्रायॉरिटी. लाइन भरलेली असताना वरच्या दर्जाचा कॉल खालच्या दर्जाचा कॉल तोडून पुढे जाऊ शके. सामान्य ग्राहकाला हा अधिकार देण्याचे कारण नव्हते, म्हणून त्याच्या फोनवर तो स्तंभ आलाच नाही. स्वर मात्र मानकात कायम आहेत आणि एमटी८८७० सारख्या रिसीव्हर आयसी सोळाच्या सोळा जोड्या ओळखतात.

सोल्डर

एक भेद स्पष्ट करावासा वाटतो, कारण या विषयावरील गप्पांत तो हमखास पुसला जातो. फुकट कॉल करण्यासाठी ज्या ‘ब्लू बॉक्स’ वापरल्या जात त्या या स्वरांवर चालत नसत. त्या एक्सचेंज ते एक्सचेंज या टप्प्यातील संकेत नकलत. ती सारणी वेगळी आहे. तिच्यात ७०० ते १७०० पर्यंत २०० हर्ट्झच्या अंतराने सहा वारंवारता असतात आणि कोणत्याही दोन मिळून एक अंक होतो. तिथे आकडे सरळ ठेवता आले, कारण अंक जात असताना त्या मार्गावर ग्राहकाचा आवाज असणे अपेक्षितच नव्हते. अंकमोजणी यांनी वर जे दाखवले त्याचा हा उलट बाजूने पुरावाच म्हणता येईल.

आगंतुक

मी वाचनमात्र असतो, पण एक शंका आहे. मोबाइलवर बोलताना ग्राहकसेवेचा ध्वनिमुद्रित संदेश ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणतो तेव्हा आपला मोबाइल हेच स्वर वाजवतो का? आणि कधी कधी एकदाच दाबलेला अंक पलीकडे दोनदा का पोहोचतो?

सोल्डर

जीएसएम मोबाइलच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे आहे. आवाज कमी जागेत बसवण्यासाठी मोबाइलमधील कोडेक मानवी आवाजाच्या प्रतिकृतीवर चालतो, आणि हे स्वर तर मुद्दाम मानवी आवाजासारखे नसावेत असे घडवलेले आहेत. त्यामुळे कोडेकमधून गेल्यास ते विद्रूप होण्याचा धोका असतो. म्हणून कळ दाबली की फोन नेटवर्कला ‘स्वर सुरू करा’ आणि सोडली की ‘स्वर थांबवा’ असे निरोप पाठवतो, आणि प्रत्यक्ष स्वर नेटवर्क तयार करते. कानाला जो ऐकू येतो तो फोनने तुमच्या समाधानासाठी वाजवलेला असतो.

इंटरनेटवरील टेलिफोनीतही कारण तेच आहे. तिथे आरएफसी २८३३ आणि नंतर २००६ मधील आरएफसी ४७३३ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांनुसार अंक हा आवाजाबरोबरच, पण वेगळ्या पॅकेटमधून, घटना म्हणून पाठवला जातो. दोनदा पोहोचण्याचे एक नेहमीचे कारण इथेच सापडते. साध्या लाइनवरून आलेला स्वर ओळखून त्याचे पॅकेट करायचे आणि आवाजातून तो स्वर काढून टाकायचा, अशी दोन कामे गेटवेला, म्हणजे साधी लाइन आणि इंटरनेट जोडणाऱ्या उपकरणाला, करावी लागतात. ओळखण्यात काही मिलिसेकंद जातात, तेवढ्यात स्वराचा तुकडा आवाजातून पुढे निसटतो, आणि पलीकडच्या रिसीव्हरला तो पुरेसा लांब वाटला तर तो त्याला एक अंक समजतो. मागून घटनेचे पॅकेट येते, तो दुसरा अंक.

अंकमोजणी

ओळखण्यास लागणाऱ्या वेळेबद्दल थोडी भर. आज हे काम बहुधा ठरावीक वारंवारता किती प्रबळ आहे हे मोजणाऱ्या गोएर्टझेलच्या १९५८ च्या पद्धतीने सॉफ्टवेअरमध्ये होते. सेकंदाला ८००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत २०५ नमुन्यांचा गट वापरण्याची प्रथा आहे, म्हणजे एका निर्णयाला सुमारे २६ मिलिसेकंदांचा आवाज लागतो आणि वारंवारतेतील ३९ हर्ट्झचा फरक वेगळा करता येतो. सर्वांत जवळच्या दोन वारंवारतांत ७३ हर्ट्झचे अंतर आहे. गट लहान केला तर निर्णय लवकर होतो, पण शेजारचे स्वर एकमेकांत मिसळू लागतात, आणि मोठा केला तर भरभर दाबलेले अंक निसटतात. त्यामुळे वर सांगितलेली गळती पूर्ण थांबवायची असेल तर आवाजच तेवढा वेळ रोखून धरावा लागतो, आणि संभाषणात उशीर कोणालाच नको असतो.

याच संदर्भात सांगायला हवे की स्वरांत कोणतीही गुप्तता नाही. साध्या लाइनवरून पिन दाबलेले संभाषण कोणी ध्वनिमुद्रित केले असेल तर त्यातून अंक परत काढणे अगदी सोपे आहे. ही पद्धत नंबर लावण्यासाठी रचली गेली. पासवर्ड पाठवण्याचे काम तिच्यावर नंतर लादले गेले.

कळसूत्री

मूळ विषयाकडे, म्हणजे कळफलकाच्या रचनेकडे, परत येऊन एक लहान गोष्ट नोंदवतो. ५ च्या कळेवरील उंचवटा पुष्कळांच्या लक्षातही येत नाही, परंतु ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्या एका ठिपक्यामुळे पूर्ण फलक वाचता येतो. पाच-पाचच्या दोन ओळींत मधली कळच नसते, त्यामुळे अशी एकच खूण पुरली नसती. ३×३ च्या चौकोनात मध्यावरून प्रत्येक अंक एका पावलावर आहे, फक्त शून्य दोन पावले खाली.

आगंतुक

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न, आणि तो व्यवहाराचा आहे. माझ्याकडील जुन्या फोनच्या २, ५, ८ आणि ० या कळा चालत नाहीत, बाकी सर्व चालतात. कळफलक बदलावा का?

सोल्डर

आधी बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या चारही कळा एकाच स्तंभातील आहेत, आणि चार रबरी कळा एकाच वेळी झिजण्याची शक्यता फार कमी. मधल्या स्तंभाची तार, तिचा सोल्डर किंवा कळफलकाच्या पट्टीचा जोड सुटलेला असणार, तो तपासा. एकच कळ रुसली असती तर दोष रबराखालच्या कार्बनच्या टिकलीत किंवा समोरच्या पट्ट्यांवर बसलेल्या मळात असता, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बहुतेकदा काम झाले असते.

एक चाचणी उघडण्यापूर्वी करून पाहा. टोन (स्वर) आणि पल्स (तबकडीसारखे स्पंद) यांतून निवडण्याचा स्विच फोनवर असेल तर तो पल्सवर न्या आणि २ दाबा. पल्समध्येही कळ मुकीच राहिली तर दोष जोडातच आहे असे समजावे. पल्समध्ये चालली आणि टोनमध्ये नाही, तर कळफलक निर्दोष आहे आणि १३३६ हर्ट्झचा स्वर तयार करणारा भाग पाहावा लागेल. फोन अगदी जुना, गुंडाळ्यांचा असेल, तर बहुधा हा स्विच नसेलच. मग २ दाबून कान लावा. ६९७ चा एकटाच स्वर ऐकू आला तर ओळ शाबूत असून स्तंभाच्या गुंडाळीचा तो जोड तुटलेला आहे.